पाड्यावरच्या पोरांची खरी नोंद: वजनकाट्यापासून तक्त्यापर्यंत

एका अंगणवाडीतलं वजनाचं रजिस्टर समोर उघडं होतं. ९.०, १०.५, ११.०, ८.५, १२.०. चाळीसेक मुलं, पण एकाचंही वजन नऊ किलो तीनशे नाही की दहा किलो सातशे नाही. सगळे आकडे शून्यावर नाहीतर पाचावर येऊन थांबलेले. तीन महिन्यांनंतरच्या रकान्यात प्रत्येकाचं वजन बरोब्बर अर्धा किलो वाढलेलं. त्यातला एक मुलगा ते तिन्ही महिने आईबापांबरोबर वीटभट्टीवर होता, गावात नव्हताच.

सेविका खोटारडी होती का? मुळीच नाही. काट्याची सुई अडकत होती, मदतनीस रजेवर होती, गरम आहार बारापर्यंत वाटायचा होता आणि वरून ‘वजनं शंभर टक्के झाली का?’ एवढंच विचारलं जात होतं. वजनं खरी आहेत का, हे कुणी विचारलंच नव्हतं.

सेविका, मुख्यसेविका, आशा, लहान संस्थांचे कार्यकर्ते, समाजकार्याचे विद्यार्थी, कुणालाही गावातल्या मुलांच्या आरोग्याची नोंद नीट घ्यायची असेल तर कामाची पद्धत काय असावी, ते इथे क्रमाने लिहितो. भर सहा वर्षांखालच्या मुलांवर आहे, कारण गोंधळ तिथेच जास्त होतो.

आधी ठरवा: या आकड्याचं करणार काय?

प्रश्नावली लिहायला बसलं की ती शेवग्यासारखी फोफावते. कुणी म्हणतं शौचालयाचंही विचारा, कुणी म्हणतं मोबाईल आहे का ते विचारा. प्रत्येक प्रश्नापुढे एक ओळ लिहून पाहा: ‘याचं उत्तर अमुक आलं तर आम्ही तमुक करू.’ ओळ लिहिता आली नाही तर प्रश्न काढून टाका. पंचाहत्तर प्रश्नांची प्रश्नावली चाळिसाव्या प्रश्नानंतर विचारणाऱ्याच्याच मनाने भरली जाते, हे ज्याने हे काम केलंय त्याला सांगायला नको.

सेविका आजच किती ठिकाणी लिहिते, तेही पाहा. २०२१ पासून पोषण ट्रॅकर हे सरकारी ॲप आहे, शिवाय रजिस्टरं आहेत. आशाची वही वेगळी, एएनएमची (उपकेंद्रातल्या परिचारिकेची) वेगळी. तुमची नोंद म्हणजे तिच्या डोक्यावर चौथं ओझं होणार असेल, तर तिच्याकडची एखादी नोंद वापरता येते का ते आधी बघा.

यादी: कोण सुटलं?

वजन चुकलं तर एका मुलाचा आकडा चुकतो. यादी चुकली तर मूलच नाहीसं होतं, आणि नेमकं सगळ्यात नाजूक मूलच यादीबाहेर असतं. म्हणून जुनी यादी हातात घेऊन खाडाखोड करत बसू नका, घरोघर फिरून नवी करा. गावठाणापासून नव्हे, टोकाच्या घरापासून सुरुवात करा. शेतावरची खोपटी, ओढ्यापलीकडची चार घरं, कातकरी वस्ती आधी. दमून परत फिरायची वेळ येते तेव्हा जे शेवटी ठेवलेलं असतं तेच राहतं.

सुटणारी मुलं बहुतेक ठरलेली असतात. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेल्या बाईचं बाळ सासरच्या यादीत ‘माहेरी’ म्हणून नसतं आणि माहेरच्या यादीत ‘सासरचं’ म्हणून नसतं. कधी दोन्हीकडे असतं आणि दोनदा मोजलं जातं. नियम एकच ठेवा: मूल आज रात्री जिथे झोपणार तिथे त्याची नोंद, आणि शेरा रकान्यात मूळ गाव. नवजात बाळांसाठी आशाताईची वही पाहा. दवाखान्यात बाळंतपण झालं तर पहिल्या ४२ दिवसांत तिच्या सहा भेटी आणि घरी झालं तर सात भेटी ठरलेल्या आहेत, त्यामुळे तिला बाळ सगळ्यांच्या आधी ठाऊक असतं.

दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीला गेलेली घरं वेगळ्या रंगाने लिहा. कुलूप दिसलं म्हणून नाव खोडू नका. शेजाऱ्याला विचारून कुठे गेले, कुणाबरोबर गेले, परत कधी येतात, एवढं टिपा.

आणि मृत्यू. बारसं व्हायच्या आधी गेलेलं बाळ घरचे सहसा मोजत नाहीत. ‘तुम्हाला मुलं किती?’ विचारलं तर हयात मुलांचाच आकडा मिळतो. त्याऐवजी पहिल्या वेळेपासून सुरुवात करा: ‘लग्नानंतर पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा काय झालं? मग त्यानंतर?’ एकेक गरोदरपण क्रमाने विचारलं की वगळलेलं बाळ आपोआप समोर येतं. त्या वेळी पेन खाली ठेवून जरा थांबावं, एवढं भान हवं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच माणसांना शिकवून जन्म-मृत्यू मोजले. पुढे ‘कोवळी पानगळ’ या २००१ सालच्या अहवालाने सरकारी दप्तरात न आलेले बालमृत्यू राज्यापुढे मांडले. ते मृत्यू दिसले, कारण मोजणारं माणूस गावातलं होतं आणि कुणाच्या घरात काय घडलं हे त्याला माहीत होतं.

वय: १ जूनचा वाढदिवस

आपल्या प्रत्येकाच्या घरात १ जूनला जन्मलेला एखादा आजोबा किंवा काका असतो. गुरुजींनी शाळेत घालताना लिहून टाकलेली तारीख! ती सवय अजून गेलेली नाही. पण लहान मुलांच्या बाबतीत चार महिन्यांची चूकही निदान बदलून टाकते.

एक मुलगी घ्या, ७७.८ सेंटिमीटरची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मानकांप्रमाणे २० महिन्यांच्या मुलीसाठी खुजेपणाची (वयाच्या मानाने उंची कमी असण्याची) रेषा ७६.७ सेंटिमीटरला आहे. म्हणजे ही मुलगी ठीक. तिचंच वय कुणी ‘दोन वर्षं’ असं ढोबळ लिहिलं, तर २४ महिन्यांची रेषा ७९.३ सेंटिमीटर आणि तीच मुलगी खुजी. मुलीला काही झालेलं नाही, फक्त पेन घसरलंय.

म्हणून वय महिन्यांत विचारू नका, जन्मतारीख शोधा. आधी जन्माचा दाखला, मग माता-बाल कार्ड, मग लसीकरणाची नोंद. आधारवर १ जानेवारी दिसली तर सावध व्हा. कागद नसेल तर गावाचं पंचांग कामाला येतं. मागच्या पाच वर्षांचा तक्ता गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्यांबरोबर बसून बनवा: होळी, अखाती, भाताची आवणी, पोळा, नवरात्र, दिवाळी, कापणी, देवाची जत्रा, पूल वाहून गेला तो पाऊस, सरपंचाची निवडणूक. मग आईला विचारा, ‘पोळ्याच्या आधीचा की नंतरचा? आवणी चालू होती की संपली होती?’ दोन-तीन प्रश्नांत महिना हाती येतो.

सण दर वर्षी सरकतात, हे विसरू नका. २०२२ मध्ये पोळा ऑगस्टअखेर होता, २०२३ मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे तो सप्टेंबरच्या मध्यावर गेला. तक्त्यात दर वर्षाची इंग्रजी तारीख लिहूनच ठेवा. अंदाजे ठरवलेल्या तारखेपुढे ‘अं’ अशी खूण करा, म्हणजे पुढे हिशेब करणाऱ्याला कळेल की ही तारीख कागदावरची नाही.

मोजमाप: इथे घाई चालत नाही

वजनकाटा रोज सकाळी तपासायचा. किराणा दुकानातलं शिक्का मारलेलं पाच किलोचं लोखंडी वजन अर्ध्या तासासाठी मागून आणा, कुणी नाही म्हणत नाही. ते काट्यावर ठेवा आणि काय दिसतं ते वहीत तारखेसह लिहा. शंभर ग्रॅमपेक्षा जास्त फरक असेल तर त्या दिवशी तो काटा वापरायचाच नाही. ‘चारशे ग्रॅम कमी दाखवतो, आपण मिळवून घेऊ’ असा हिशेब करू नका. बिघडलेली स्प्रिंग पाच किलोला चारशे आणि बारा किलोला भलतंच काही दाखवते.

टांगायचा काटा असेल तर झोळी अडकवून मग सुई शून्यावर आणा आणि सुई आपल्या डोळ्यासमोर येईल एवढ्याच उंचीवर काटा बांधा. वर मान करून वाचलेलं वजन आणि समोरून वाचलेलं वजन यांत फरक पडतो. डिजिटल काटा सारवलेल्या जमिनीवर डगमगतो, त्याच्याखाली सपाट फळी हवी. मूल उभं राहत नसेल तर आधी आईचं वजन, मग कडेवर घेऊन दोघांचं, आणि वजाबाकी. कपडे शक्य तितके कमी. चांदीचे वाळे, कमरेचा जाड करदोडा, गळ्यातल्या ताईतांची माळ हे आईला काढायला आवडत नाही. तिथे जबरदस्ती नको, शेऱ्यात लिहा.

उंचीला माणसं दोन लागतात, एकट्याने मोजलेली उंची मी धरत नाही. दोन वर्षांखालचं मूल आडवं झोपवून, दोन वर्षांवरचं उभं करून. काही कारणाने उलटं करावं लागलं तर त्याचा हिशेब ठरलेला आहे: दोन वर्षांखालचं उभं मोजलं तर ०.७ सेंटिमीटर मिळवा, वरचं झोपवून मोजलं तर तेवढेच वजा करा. वेणी, आंबाडा, क्लिपा सोडवा. झोपवलेल्या बाळाचं डोकं फळीला टेकलेलं ठेवायचं काम एकाचं (हे काम आईला दिलं तर तीही सामील होते आणि बाळही कमी रडतं), गुडघे हलकेच दाबून तळवे सपाट लावायचं काम दुसऱ्याचं. उभ्या मुलाच्या टाचा उचलल्या गेल्यात का ते वाकून बघा. वरून दिसत नाही.

दंडघेर सोपा वाटतो म्हणून सगळ्यात बेफिकिरीने मोजला जातो. डावा हात. खांद्याचं टोक आणि कोपर यांचा मध्य मोजून खूण करा, मग हात सैल सोडायला लावा आणि पट्टी टेकवा. पट्टीखाली कातडी दबली तर घट्ट झाली, फट राहिली तर सैल. सहा महिने ते पाच वर्षं या वयात ११५ मिलिमीटरच्या खाली म्हणजे सॅम (अतितीव्र कुपोषण), ११५ ते १२५ च्या दरम्यान मॅम (मध्यम कुपोषण). पट्टीवर लाल-पिवळा-हिरवा असतो म्हणून नुसता रंग लिहिण्याची पद्धत पडली आहे. आकडाही लिहा. ११६ आणि १२४ दोन्ही पिवळेच, पण दोन मुलांची गोष्ट वेगळी असते.

सूज तपासणं बहुतेक जण विसरतात. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खड्डा राहिला तर वजन कितीही असो, ते मूल सॅमच धरायचं आणि त्याच दिवशी दवाखान्यात पाठवायचं. सुजेचं पाणी वजन वाढवून दाखवतं. रजिस्टरमध्ये हे मूल ‘सुधारलेलं’ दिसतं, म्हणूनच ही गोष्ट जास्त धोक्याची.

वाचणारा मोठ्याने आकडा म्हणेल, लिहिणारा तोच परत म्हणून लिहील. मग मुलाला एकदा उतरवून पुन्हा मोजा. दोन मापांत वजनाचा फरक १०० ग्रॅम, उंचीचा ७ मिलिमीटर किंवा दंडघेराचा ५ मिलिमीटरपेक्षा जास्त आला तर दोन्ही सोडून पहिल्यापासून. या गतीने सकाळभरात पंधरा-वीस मुलं होतात. चाळीस एका सकाळी झाली असं कुणी सांगितलं, तर सुरुवातीला सांगितलेलं रजिस्टर आठवा.

दारातली बोलणी

आवणीच्या दिवसांत सकाळी दहाला गेलात तर घरात म्हातारी आणि शेळी एवढंच भेटेल. संध्याकाळी चूल पेटताना जा. बाजाराचा दिवस टाळा.

बाजार टाळायचा, पण बाजाराची आठवण मात्र वापरायची. ‘गेल्या दोन आठवड्यांत मूल आजारी होतं का’ या प्रश्नाला नुसतंच ‘नाही’ येतं. ‘मागच्याच्या मागच्या बाजारापासून आजपर्यंत ताप, खोकला, जुलाब काही?’ असं विचारलं की बाई आठवू लागते. शब्दही तिचेच हवेत. कुठे जुलाब म्हणतात, कुठे हगवण, कुठे ढाळ. कुठे हगवण म्हणजे रक्त पडतं तेव्हाच. न्यूमोनियाला कुठे ‘डबा’ म्हणतात. प्रश्नावली छापण्याआधी चार-पाच आयांबरोबर बसून हे शब्द पक्के करा. वारली, कोरकू, पावरी, गोंडी बोलणाऱ्या घरात पुस्तकी मराठी प्रश्न नेला तर मान डोलावण्यापलीकडे काही मिळणार नाही. त्या भाषेतलंच माणूस बरोबर हवं, आणि तो दुभाष्या पोलीस पाटील नसलेला बरा.

खाण्याबद्दल ‘मुलाला भाजी देता का?’ विचारू नका. ‘देतो की’ हेच उत्तर येणार. काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेलं, ते क्रमाने विचारा. सकाळी उठल्यावर काय? भात कशाबरोबर? वरणात डाळ दिसत होती की पाणीच? शेजारच्या घरी काही खाल्लं? दुकानातला पुडा? मग उत्तरं अन्नगटांत तुम्ही बसवा. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळासाठी आईच्या दुधासह आठ गट मोजतात, त्यांतले निदान पाच पोटात गेले तर आहारात विविधता आहे असं धरतात. कालचा दिवस लग्नाचा, उपासाचा किंवा दुखवट्याचा असेल तर दुसऱ्या दिवशी या.

सासू शेजारी बसली असेल तर सुनेची उत्तरं सासूचीच असतात. दोघी गेलात तर एकीने सासूबाईंना गुरं दाखवायला सांगावं. ही लबाडी मला मान्य आहे.

मूल नुसतं वजनाने बरं असतं असं नाही. दिवसभर त्याला कोण सांभाळतं? आठ वर्षांची बहीण सांभाळत असेल तर तिची शाळा बुडते, आणि मग एका प्रश्नात दोन मुलांची हकिकत कळते. ऐकू येतं का, हाक मारली की वळतं का, वयाप्रमाणे बसतं-चालतं-बोलतं का? माता-बाल कार्डावर हे टप्पे छापलेले असतात, तेच वापरा, स्वतःचे बनवू नका. शंका आली तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला कळवा. २०१३ पासून ही पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतात. शाळेतल्या मुलाला काही विचारायचं तर पालकांच्या होकारानंतर त्याचाही होकार घ्या. सात वर्षांपुढच्या मुलाची संमती घ्यावी, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची तत्त्वं सांगतात. मारहाण, छळ असले प्रश्न मात्र पुढे मदत कुठून आणायची ते ठरल्याशिवाय विचारूच नका. निदान मुलांसाठीचा मदत क्रमांक १०९८ कसा लावायचा आणि लावल्यावर काय होतं, हे तुम्हाला माहीत हवं.

कागद की मोबाईल

यावर भांडणं होतात, पण मुद्दा लहान आहे. रेंज नसली तरी चालणारं, माहिती भरायचं कोबो किंवा ओडीके ॲप वापरा, प्रश्न देवनागरीत ठेवा आणि अशक्य आकडा आला तर फोनने तिथेच अडवावं अशी सोय करा. पावसाळ्यात कागदाचं बाड बरोबर ठेवाच. नावाऐवजी प्रत्येक मुलाला क्रमांक द्या, नाव आणि क्रमांक जुळवणारी वही कुलपात. मुलांचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत, मग साहेबांनी मागितले तरी.

त्याच संध्याकाळी तपासा

महिन्याने तपासून काही हाती लागत नाही, तोवर कुणाला काही आठवत नाही. त्याच दिवशी एका कोऱ्या पानावर ० ते ९ लिहा आणि प्रत्येक उंचीचा शेवटचा आकडा ज्याच्या त्याच्यापुढे रेघेने मांडा. शंभर मुलांत प्रत्येकापुढे साधारण दहा रेघा यायला हव्यात. शून्य आणि पाचापुढे जंगल उभं राहिलं तर कुठेतरी डोळ्याने अंदाज झालाय. तसंच वयाचं करा. १२, २४, ३६ महिन्यांवर ढीग दिसला तर पंचांग वापरलं गेलेलं नाही.

संगणक असेल तर जागतिक आरोग्य संघटनेचं मोफत ‘अँथ्रो’ सॉफ्टवेअर वापरा. वयाप्रमाणे उंचीचा झेड-स्कोअर (मूल मानकाच्या मध्यापासून किती दूर आहे ते सांगणारा आकडा) उणे ६ च्या खाली किंवा ६ च्या वर गेला, उंचीप्रमाणे वजनाचा उणे ५ आणि ५ च्या पलीकडे गेला, तर तो आकडा खोडू नका, त्या घरी परत जा. सगळ्या मुलांच्या स्कोअरचं प्रमाण विचलन (आकडे किती पसरलेत त्याचं माप) एकच्या आसपास असावं. ते दीडला गेलं तर मुलं एवढी वेगवेगळी नसतात, मापं वेगवेगळी झालेली असतात. शिवाय दर दहा मुलांमागे एक मूल मुख्यसेविकेने दोन-तीन दिवसांत स्वतः मोजावं. कुठलं मूल ते आधी सांगायचं नाही.

राज्याचा आकडाही मनात असू द्या. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं लुकडी (उंचीच्या मानाने वजन कमी) आणि ३५.२ टक्के खुजी निघाली. तुमच्या दुर्गम पाड्यांवर दोन टक्केच लुकडी दिसत असतील तर आनंद साजरा करण्याआधी काटा तपासा.

आकडा वाईट आला तर रागवायचं नाही

माझ्या मते वरच्या सगळ्यापेक्षा हे मोठं. सॅमची मुलं जास्त निघाली की बैठकीत सेविकेला उभं करतात. ती शिकते काय? पुढच्या वेळी ११३ चा ११६ लिहायला. मग ते मूल गावातल्या ‘ग्राम बाल विकास केंद्रा’त जात नाही, पोषण पुनर्वसन केंद्रातही जात नाही, आणि आकडा मात्र सुंदर दिसतो.

म्हणून प्रशिक्षण झाल्यावर, मोजणी सुरू व्हायच्या आधीच तालुक्याला लेखी सांगून ठेवा: नव्या काट्यांमुळे आणि नव्या यादीमुळे सॅम वाढणार आहेत, मुलं एका महिन्यात बिघडलेली नाहीत. मोजणी दर वर्षी त्याच महिन्यात करा. श्रावणातलं वजन दिवाळीनंतरच्या वजनाशी ताडून काहीच कळत नाही.

आईलाही त्याच दिवशी काहीतरी मिळालं पाहिजे. कार्डावरच्या आलेखात टिंब काढून दाखवा: ‘गेल्या वेळी इथे होती, आता इथे आली.’ रेघ आडवी झाली तर का झाली ते तिलाच विचारा, तिला कारण ठाऊक असतं. ज्या पाड्यावर हे झालं नाही, तिथे दुसऱ्या फेरीला दारं बंद मिळतात. ग्रामसभेत आकडे सांगा, नावं नाहीत.

वेगळ्या रंगाने लिहिलेली स्थलांतरित घरं पाऊस तोंडावर आला की परततात. आल्यापासून आठवड्याच्या आत त्या मुलांची वजनं घ्या, पंधरा दिवस घरचं खाऊन झाल्यावर नको. वीटभट्टीवर त्यांचं काय झालं, ते त्याच आठवड्यात दिसतं.